वरच्या मजल्यावरचं गणित

५ ऑगस्ट

आज शिक्षण कार्यालयात, वरच्या मजल्यावर बैठक! विषय — नदीपलीकडच्या शाळेत गणिताचा निकाल का घसरला. टेबलाभोवती गणिताचे पर्यवेक्षक आम्ही सहा. त्या शाळेत गणिताचा शिक्षक — एकही नाही! सातवीला चित्रकलेचे मास्तर सांभाळतायत. यंदाही निकाल पडला तर शाळाच बंद. मग पोरांनी जायचं कुठे, हे कुणी विचारलं नाही.

मी म्हटलं, "साहेब, तपासणारे सहा आणि शिकवणारं कुणीच नाही. आमच्यातलाच एखादा पाठवा की!"

सगळे हसले. साहेब सोडून.

"मग बाई, उद्यापासून तुम्हीच."

माझ्या जिभेला हाड नाही ते नाहीच.

६ ऑगस्ट

नवरोबा पोट धरून हसले. "तुझ्या साहेबांनी भूगोल शिकवणं सोडल्यापासून पहिल्यांदा शहाणा हुकूम काढला!" सकाळचा चहा आता तुम्ही करायचा म्हटल्यावर हसू आवरलं.

९ ऑगस्ट

वर्गाला विचारलं — एक चतुर्थांश मोठा की एक अष्टमांश?

"अष्टमांश!" एकमुखानं. पहिल्या बाकावरच्या पोरीला सगळे चिमणी म्हणतात, आवाज मात्र कावळ्याचा. ती मलाच समजावते — "बाई, चारापेक्षा आठ मोठे ना? एवढंही येत नाही?"

पिशवीत आमच्या कार्यालयाचा 'गुणवत्ता वाढवा' तक्ता होता. गुळगुळीत, रंगीत. टराटरा फाडला — आधी चार तुकडे, मग त्यातल्या एकाचे दोन. लहान-मोठा दोन्ही तिच्या हातात दिले. तिनं उलटसुलट करून पाहिले.

"अय्या! वाटेकरी वाढले की वाटा घटतो!"

त्या तक्त्यानं आज पहिल्यांदा गुणवत्ता वाढवली.

२ सप्टेंबर

घसा बसला. केसांत खडू. झोप मात्र छान लागते — कार्यालयात लागायची तशीच, फक्त आता रात्री.

१८ जानेवारी

चाचणीत फक्त तिघं नापास! चिमणी काठावर पास, पण तोरा पहिल्या नंबराचा.

संध्याकाळी साहेबांचा फोन. "शाब्बास बाई! आता परत या. हे कसं जमलं, त्यावर अहवाल लिहायचाय." म्हणजे शिकवणं सोडायचं, आणि शिकवल्यानं काय झालं ते लिहीत बसायचं! वार्षिक परीक्षा तोंडावर. वर्ग पुन्हा चित्रकलेच्या मास्तरांच्या गळ्यात?

"येणार नाही," म्हटलं.

फोन आपटला त्यांनी.

२० जानेवारी

साहेब स्वतःच शाळेत हजर. तासभर मागच्या बाकावर बसले. मुलं गेल्यावर दार लोटून, हळूच —

"बाई, इथे भूगोलाला कुणी आहे का हो?"