मागितलेली चाके कृपया मिळू नयेत

प्रति,
मा. उपप्रादेशिक परिवहन अधिकारी,
उपप्रादेशिक परिवहन कार्यालय,
धाराशिव.

अर्जदार : मच्छिंद्र सोपान ओव्हाळ, कनिष्ठ सहायक (आवक-जावक), रा. तेर, ता. जि. धाराशिव.

विषय : जुन्या अॅम्बॅसेडर मोटारीस रुंद चाके बसविण्याची, अर्जदारानेच मागितलेली परवानगी न देण्याबाबत.

संदर्भ : १) अर्जदाराचा परवानगी मागणारा अर्ज.
२) त्याच अर्जाची स्मरणपत्रे. पैकी शेवटचे थोडे उद्धट.
३) वाहन तपासणीसाठी हजर करावे, हे आपल्या कार्यालयाचे पत्र.

महोदय,

उपरोक्त विषयास अनुसरून सविनय सादर करण्यात येते की, विषय वाचून आपणास शंका आली असल्यास ती रास्त आहे, परंतु टंकलेखनाची चूक झालेली नाही. अर्जदार स्वतः एका कार्यालयात आवक-जावकच्या टेबलावर बसतो. "मला नाही म्हणा" असा अर्ज त्याच्या हाताखालून आजवर गेलेला नाही, त्यामुळे यास नमुना उपलब्ध नाही. संदर्भ क्र. ३ च्या पत्रात "तपासणीअंती योग्य तो निर्णय घेण्यात येईल" असे सौम्य शब्द आहेत. ते वाचल्यापासून अर्जदाराचा जीव टांगणीला लागला आहे, कारण आपण परवानगी दिलीत तर त्याची सुटका नाही.

२. अर्जदाराने पन्नाशी ओलांडली आहे. या वयात माणसे गुडघ्याला तेल लावतात. अर्जदार मात्र जेवताना ताटाशेजारी मोबाइल उभा करून मोटारीची चाके पाहू लागला. पाच आऱ्यांची की दहा आऱ्यांची, चंदेरी की काळी, कडेला लाल रेघ असावी की नसावी, यात एक अख्खा उन्हाळा गेला. थोरली मुलगी प्रीती हिचे स्थळ दोन भेटींत ठरले होते. शेवटी काळी, दहा आऱ्यांची, लाल रेघेची चाके पुण्याहून मागवली. संदर्भ क्र. १ चा अर्ज टपालात टाकला आणि उत्तराची वाट न पाहता चाके बसवूनही घेतली. ही बेकायदा कृती अर्जदारास मान्य आहे.

३. एवढ्यावर भागले असते तर अर्जदार शहाणा म्हणवला गेला असता. परंतु रुंद चाकांवर गाडी उंच दिसते, असे त्याच्या मनाने घेतले. म्हणून मागच्या स्प्रिंगचे पाटे उतरवून गाडी खाली बसवली. सायलेन्सर बदलला. आता ग्रामपंचायतीसमोरच्या गतिरोधकावर गाडीचे पोट घासते, सबब अर्जदार गतिरोधक तिरका चढतो व समोरून येणारास हा माणूस प्यालेला आहे असे वाटते. अर्जदार पीत नाही. प्यायला असता तर निदान सांगायला कारण झाले असते.

४. पत्नी सौ. पौर्णिमा हिने पहिल्याच दिवशी गाडीभोवती एक फेरी मारली आणि एवढेच विचारले, "आत्यांना मागं बसवून बघितलं का?" (आत्या म्हणजे तिच्या सासूबाई, अर्जदाराची आई.) तिला गाडीतले काही कळत नाही, असे अर्जदाराने शेजाऱ्यांदेखत सुनावले. गाडीतले सर्वांत जास्त तिलाच कळत होते, हे आता शेजाऱ्यांनाही कळले आहे.

५. वस्तुस्थिती अशी की, धाराशिवच्या गॅरेजात मिस्त्री वीरभद्र यांनी चाकांचे मोजमाप घेतले तेव्हा गाडी रिकामी होती. ती रिकामीच मोजा, आत कुणी बसू नका, सीट मळेल, असे अर्जदारानेच बजावले होते. मागे माणूस बसला की गाडी दबते, टायर मडगार्डला घासतो आणि जळका वास येतो. मागं कुणाला बसवू नका, असे वीरभद्र यांनी काम झाल्यावर स्पष्ट सांगितले. त्यावर अर्जदार हसून म्हणाला, "मागं बसतंय कोण?"

हे वाक्य अर्जदाराच्याच तोंडचे आहे, याची कृपया नोंद घ्यावी.

६. मागे अर्जदाराची आई श्रीमती सरुबाई बसते. अर्जदाराचे वडील कालकथित सोपान ओव्हाळ हे पाटबंधारे खात्यात चालक होते आणि सदर मोटार ही तीच, जी ते साहेबांसाठी चालवीत. नोकरीत असेतो त्यांनी घरच्या कोणालाही तीत पाऊल ठेवू दिले नाही. गाडी दारावरून जायची, तेव्हा आई उंबऱ्यात येऊन बघायची, एवढाच तिचा प्रवास. पुढे गाडी निर्लेखित होऊन लिलावात निघाली आणि वडिलांनी ती घेतली. घरासमोर आणून उभी केली, खाली उतरले, आणि साहेबांसाठी उघडायचे तसे मागचे डावे दार उघडून उभे राहिले. आई साहेबांच्या जागेवर बसली. गावाला एक फेरी झाली. वडिलांनी त्या फेरीत एकदाही मागे वळून पाहिले नाही, कारण चालकाने तसे पाहायचे नसते. तेव्हापासून आई त्याच जागेवर बसते, आणि दार उघडले जाईपर्यंत हलत नाही. वडील गेल्यावर दार उघडण्याचे काम अर्जदाराकडे आले.

७. मागील महिन्यात आईला भूमला, अर्जदाराच्या बहिणीकडे जायचे होते. ती नवे लुगडे नेसली. अर्जदाराने पिशवी गाडीत ठेवली आणि पुढचे दार उघडले. आई मागच्या दारापाशी जाऊन उभी राहिली. चाके, टायर, मडगार्ड असे सर्व अर्जदाराने तिला समजावून सांगितले. तिने शांतपणे ऐकून घेतले आणि ती म्हणाली, "पुढं डायवर बसतो, मच्छिंद्र. म्या मागं बसते. मागं जागा न्हाय तर म्या यष्टीनं जाते."

आणि ती गेली. पिशवी गाडीत राहिली. म्हणून अर्जदार धाराशिवपर्यंत यष्टीमागे रिकामी गाडी घेऊन निघाला. यष्टी थांबली की तोही थांबायचा. आई खिडकीशी होती. तिने वळून पाहिले नाही. अर्जदाराच्या गाडीचा नवा आवाज एवढा मोठा की, वाहक दोनदा दारात येऊन बघून गेले. बसस्थानकावर अर्जदाराने पिशवी आईच्या हातात दिली व तिने ती घेतली. अर्जदारास त्या दिवशी रडू आले, हे कार्यालयीन भाषेत कसे लिहावे ते त्यास माहीत नाही.

८. यावर आपण म्हणाल, मग जुनी चाके चढवा. तीच अडचण आहे. जुनी चाके अर्जदाराने तोऱ्यात वाटून टाकली होती. दोन पौर्णिमाने न बोलता परत मिळवून पोत्याखाली झाकून ठेवल्याचे आता उघड झाले आहे. एक चहावाले सोमलिंग यांनी शेगडीखालून काढून दिले. चौथे जिल्हा परिषद शाळेत टांगलेले असून शाळेची घंटा म्हणून रोज वाजते. स्टेपनी कधीच वाकलेली आहे. मुख्याध्यापिका दैवशाला मॅडम यांचे म्हणणे असे की, सदर घंटा जडवस्तू नोंदवहीत चढलेली आहे, सक्षम अधिकाऱ्याच्या लेखी आदेशाशिवाय ती उतरवता येणार नाही. अर्जदाराने बदली म्हणून पुण्याचे काळे चाक देऊ केले. ते वाजवून पाहिले असता आवाज शाळेच्या फाटकापर्यंतही पोचला नाही. एवढ्या मोठ्या खर्चाच्या वस्तूकडून तेवढेही होऊ नये, याचे पौर्णिमाला विशेष वाटले नाही.

९. करिता विनंती की, संदर्भ क्र. १ चा अर्ज फेटाळण्यात यावा. फेटाळताना भाषा कडक असावी. "बेजबाबदार" हा शब्द वापरल्यास अर्जदाराची हरकत नाही. मूळ चाके तात्काळ पूर्ववत बसवावीत असा आदेश असावा आणि त्याची एक प्रत मुख्याध्यापिकांना व एक सौ. पौर्णिमा यांना माहितीस्तव द्यावी. पहिल्या अर्जासोबत नव्या चाकांचे छायाचित्र जोडलेले आहे. ते निर्णयापूर्वी पाहू नये, माणूस मोहात पडतो.

१०. आदेश मिळताच जुनी चाके चढवून, पाटे पूर्ववत करून वाहन फेरतपासणीस हजर करण्यात येईल. आई सोबत यावी अशी अर्जदाराची इच्छा आहे. तिला अद्याप विचारलेले नाही. आधी चाके बसवा, मग विचारा, असे पौर्णिमाचे मत असून या वेळी अर्जदाराने ते ऐकले आहे. आई आलीच, तर ती मागे डावीकडे बसलेली असेल व गाडी थांबल्यावर उतरणार नाही. आपल्या कर्मचाऱ्यांना ती अडून बसली आहे असे वाटेल. तरी कृपया कोणीही पुढे होऊन तिचे दार उघडू नये. अर्जदार गाडीला वळसा घालून येईपर्यंत थांबावे.

आपल्या कडक नकाराच्या प्रतीक्षेत,

आपला नम्र,

(मच्छिंद्र सोपान ओव्हाळ)
चालक

स्थळ : तेर
दिनांक : १७ नोव्हेंबर २०२५