बूमला आठवा हात

२ एप्रिल, शनिवार
पाच अंश, वारा. बोटीवरची ताडपत्री काढली. यंदा नक्की.
‘अल्मा’ माझ्या बायकोच्या, रिकेच्या वडिलांची. ते गेल्यापासून बोट जमिनीवर आणि बंदरातली त्यांची तेवीस नंबरची जागा रिकामी. जागा माझ्या नावावर आहे, कारण कागदपत्रं मलाच आवडतात असं रिके म्हणाली होती. कामं दोनच: डोलकाठीच्या ताणतारा बदलणे आणि बूम नव्याने व्हार्निश करणे. रिके म्हणाली, एका आडव्या दांडक्यासाठी दोन उन्हाळे घालवलेस ना रे? मी म्हटलं, अख्खं शीड खालून त्या दांडक्यानेच धरलेलं असतं.
७ मेला, क्लबचा झेंडा चढतो त्या दिवशी, बोट पाण्यात. लिहून ठेवतोय.

९ एप्रिल
बूम खरवडला. एका पितळी कडीखाली काळा डाग. वरून व्हार्निश मारलं तर दिसणार नाही. होल्गर कॉफी घेऊन आला. चष्मा वर करून पाहिलं आणि म्हणाला, झाकशील रे, पण झोप लागेल का तुला? नाही लागणार. डाग मुळापासून काढायचा ठरवलं. दोन आठवडे वाढले.
बंदरात जागा मिळण्याच्या यादीत होल्गर अकरा वर्षं ताटकळलाय, आता पहिला आहे. तरी माझ्या बूमची इतकी आस्था! रिके म्हणाली, त्याला बूमची नाही, आपल्या जागेची आस्था आहे. तिच्या स्वभावात संशय आहे. पण माझ्याकडून अन्याय नको, म्हणून मीही दहा मिनिटं विचार केला. होल्गरचा हेतू शुद्ध आहे.

२४ एप्रिल
ताणतारा तीनदा मोजल्या. तीन उत्तरं. चार मिलिमीटरचा फरक. रिके म्हणाली, जुन्या तारा दुकानात नेऊन टाक, तो तशाच करून देईल, सगळे तेच करतात. जुन्या तारा पन्नास वर्षांत ताणल्या असणार. चुकीची नक्कल पैसे देऊन करून घ्यायची?
ऑर्डर दिली नाही.

७ मे
झेंडा चढला. सगळ्यांच्या बोटी पाण्यात. मी काठावर, हातात हेरिंग मासा लावलेला पाव. बूमला व्हार्निशचा दुसरा हात झालाय.
बोडिल क्लबची अध्यक्ष आहे. म्हणाली, एस्बेन, पंधरा जून लक्षात आहे ना? नसेल कसा? तिसऱ्या उन्हाळ्यात पंधरा जूनपर्यंत बोट पाण्यात नसेल तर जागा यादीतल्या पहिल्याला, हा नियम मीच लिहिला आहे. जागा अडवून बसणाऱ्यांचा मला तेव्हा फार राग होता. बोडिल म्हणाली, मग हात चालव की, बाबा.
मागून होल्गर हळूच म्हणाला, घाईचं व्हार्निश ऑगस्टमध्ये सोलवटतं.

२१ मे
प्रसंग. आमच्या जागेची पाटी मी लाल ठेवतो: मालक परतणार, पाहुण्यांनी बोट लावू नये. पावसात एक जर्मन कुटुंब आलं, तीन मुलं चिंब. मी समजावलं, ‘अल्मा’ कधीही येऊ शकते. त्यांनी विचारलं, आज? प्रामाणिकपणे म्हटलं, आज नाही, पण तत्त्व आहे. गेली बिचारी पुढच्या बंदराला.
रिके ताट घेऊन खिडकीपाशी जाऊन बसली. मासा चांगला झाला होता.

२९ मे
पाचव्या हातात डास चिकटला. मला दिसलाही नव्हता, होल्गरनेच बोट ठेवून दाखवला. असा मित्र लागतो. सगळं घासून काढलं. पाचवा हात पुन्हा.
ताणतारांची ऑर्डर दिली. दुकानदार म्हणतो, जूनअखेर.

९ जून
बूमला आठवा हात. आरशासारखा. रिके शेडमध्ये आली. म्हणाली, बाबांनी हा दांडा एकदाच रंगवला, तोही स्वयंपाकघराच्या दाराच्या उरलेल्या रंगाने, आणि पुढे वीस उन्हाळे आम्हाला फिरवलं. मी सौम्यपणे सांगितलं की काळा डाग नेमका त्यामुळेच पडला होता. ती निघून गेली. मला कामात शांतता हवी असते हे तिला कळतं.

१३ जून
समितीची बैठक. आम्ही पाच जण. तारा येईपर्यंत मला महिनाभर मुदत द्यावी असा ठराव बोडिलनेच मांडला. मी मागितली नव्हती. होल्गर काल म्हणाला होता, स्वतःसाठी सवलत मागणाऱ्यांतला तू नाहीस.
दोन विरुद्ध दोन. सगळे माझ्याकडे बघू लागले. बोडिल म्हणाली, कर रे हात वर, घरी माझे बटाटे करपतायत. मी म्हटलं, हितसंबंध आहे. ती म्हणाली, मग गप्प बस, बरोबरी झाली की अध्यक्षाचं मत चालतं. म्हणजे गप्प बसणं हेही स्वतःलाच मत देणं झालं. नीट विचार केला. विरोधात हात वर केला.
बोडिल म्हणाली, वेडा आहेस का रे तू?
कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. बाहेर होल्गरने माझा हात बराच वेळ हातात धरला. त्याचे डोळे भरून आले होते.

१४ जून
रिकेला सांगितलं. तिने एवढंच विचारलं, बाजूने कोण होतं? बोडिल आणि समितीतला आणखी एक जण. म्हणजे बाबांच्या जागेसाठी दोन परकी माणसं उभी राहिली, ती म्हणाली. मी म्हटलं, तेच तर, कुणाचाही स्वार्थ नसताना! ती उठून भांडी घासायला गेली. पटलं असावं.

१६ जून
होल्गरची प्लॅस्टिकची बोट तेवीसमध्ये लागली. दोर मीच झेलला. दुसऱ्या कुणी झेलला असता तर गैरसमज झाला असता. तो म्हणाला, आता शेडमध्ये फार येणं जमणार नाही, उन्हाळा आहे ना.

२० जून
यादीत नाव घालायला गेलो. एकोणचाळिसावा. बोडिल म्हणाली, चौदा वर्षं धर. मी एकसष्ट वर्षांचा असेन. वय काही फार नाही.
अडतिसावं नाव रिकेचं निघालं. सकाळीच अर्ज देऊन गेली होती. मला आनंद झाला, पण एका घरातून एकच अर्ज चालतो. घरी आल्यावर तिला नियम दाखवला. बॅगेत कपडे भरता भरता ती म्हणाली, वाचलाय मी तो नियम, सहाव्या पानावर.
ती नियम वाचायला लागली याचं फार बरं वाटलं. फक्त अर्जावर पत्ता चुकून तिच्या बहिणीचा पडलाय, ओडेन्स शहरातला. उद्या जाऊन दुरुस्त करून येतो.