स्मरणिकेचं पान सत्तावीस

मनीषनगर, नागपूर

प्रिय ऋतू,

सकाळपासून तीनदा गेटापर्यंत जाऊन आलो, टाकीचा नळ विनाकारण सोडला अन् बंद केला. तुझी आई म्हणते, एका जागी बसत काहून नाही? बसलो की हात वळवळतात, म्हणून पेन घेतला. फोनवर हे मले सांगता येणार नाही.

बुधवारी हायकोर्टात तुझं अपील आहे. जवसाच्या तेलापासून तू केलेल्या पॉलियुरेथेनच्या कोटिंगचा पहिला हात तू माझ्या मागाच्या जुन्या लाकडी धोट्यावरच दिला होता. धोटा अजून गुळगुळीत आहे, रोज पाहतो. आठ वर्षं घातली तू त्यात. अन् पेटंट कशानं अडलं, तर आपल्या समाजाच्या गुणवंत सत्काराच्या स्मरणिकेनं. विरोधातल्या कंपनीनं तिचं पान सत्तावीस पुढे केलं. अर्जाच्या दोन महिने आधीच पूर्ण कृती छापून आली होती. जगाले माहीत झालेल्या गोष्टीवर पेटंट कसलं, असं त्यांचं म्हणणं. लिहिणाऱ्याचं नाव खाली नव्हतं. कृती ठाऊक होती तुले अन् तुझ्या प्रयोगशाळेतल्या मैत्रिणीले, अबोलीले. तू तिच्यावर ठपका ठेवला, तिच्या लग्नालेही गेली नाही. दोन वर्षं झाली. तू मलेही एकदा विचारलं होतं. मी नाही म्हणालो.

ते पान माझं होय, बाई. स्मरणिकेवाल्यांनी पालकांकडून मुलांचा परिचय मागितला होता. लोकं लिहून राहिले होते, चौऱ्याण्णव टक्के, पंच्याण्णव टक्के. तुझं नुसतं ‘संशोधन’ लिहिलं तर कोण पाहते? आपण विणकर माणसं, पदर उलगडून दाखवल्याशिवाय लुगडं विकत नाही. दिवाळीत तू वही घरी विसरून गेली होती. तेल किती, रसायन किती, किती अंशांवर तापवायचं, सगळं जसंच्या तसं उतरवलं अन् तुले चकित करायचं म्हणून सांगितलं नाही. पुढे बोंब झाली तेव्हा माझी जीभ उचलली नाही. चोराले सोडून तू संन्याशाले फाशी दिली, अन् चोर रोज तुले फोनवर जेवली का म्हणून विचारत होता. मले माझीच लाज वाटते.

परवा तू म्हणाली, तुझ्या संमतीशिवाय कोणी छापलं हे सिद्ध झालं तर वाट निघू शकते, असं वकील म्हणतात. काल अबोलीकडे गेलो, माफी मागाले. तिनं कपाटातून माझ्या हातचा तो कागद काढला. स्मरणिकेच्या संपादकाकडून तिनं तो तेव्हाच मागून घेतला होता. म्हणाली, काका, ऋतूले मैत्रिणी आणखी मिळतील, बाप कुठून मिळणार. तो कागद अन् माझं प्रतिज्ञापत्र आज वकिलाकडे दिलं. कोर्टात उभा राहतो, जे विचारतील ते सांगतो. अपिलाचं काय होते ते होवो. हे वाचून झालं की आधी अबोलीले फोन कर. मले नाही केला तरी चालेल.

तुझाच,
बाबा