पाठमोरी डोकी

ती. मामांस,

दोन्ही हात जोडून (आणि जोडल्यावर एकमेकांना घट्ट धरून, कारण सुटे सोडले की ते अजून थरथरतात) नमस्कार. आपली प्रकृती कशी आहे? मामींचे गुडघे काय म्हणतात? मी ठीक आहे. ठीक म्हणजे नक्की काय, हे कळवण्यासाठीच एवढा कागद.

ज्याला आपण कात्री धरायला शिकवलंत, त्या भाच्याच्या खुर्चीवर गिऱ्हाईक बसेनासं झालंय, हे आपल्या कानावर आलंच असेल. लोक फार सभ्य. ‘आज जरा घाईत आहे’ म्हणायचं आणि शेजारच्या खुर्चीसाठी तासभर जुनी मासिकं चाळत बसायचं. एकदा मात्र एका भल्या माणसाच्या कानामागे (कान शाबूत आहे) माझी कात्री अशी काही नाचली, की त्याने आरशातून माझ्याकडे पाहिलं. रागाने पाहिलं असतं तर परवडलं असतं. काळजीने पाहिलं. त्या दिवशी ठरवलं, बास झालं.

दारू सोडू पाहणारी मंडळी गावात कुठेतरी एकत्र बसतात, एवढं ऐकून होतो. पण कुठे, हे विचारायचं कुणाला? न्हाव्याने ‘एका मित्रासाठी’ म्हणून चौकशी केली की त्या मित्राचं नाव सगळ्या गावाला लगेच कळतं. तरी दाताच्या डॉक्टरांना विचारलंच. ते दुकानात एरवी अखंड बोलतात (दिवसभर लोकांना तोंड उघडं ठेवून गप्प बसवतात, त्याचा शिल्लक साठा). त्या दिवशी एकदम गप्प झाले आणि मग टपालकचेरीचा वरचा मजला सांगितला. गेलो. दहा-बारा माणसं माना खाली घालून, पश्चात्तापात बुडालेली. वाटलं, हेच ते. मीही एका आजोबांसमोर मान खाली घालून बसलो. त्यांनी मला ओळीने दोन डाव हरवले, तेव्हा कुठे तो बुद्धिबळाचा क्लब असल्याचा उलगडा झाला. मग वाचनालयातल्या बाईंना विचारलं. त्यांनी पाठवलं विणकामाच्या वर्गाला. तिथून मी अर्धा पायमोजा घेऊन परतलो. (वर्गातल्या शिक्षिकेने माझ्या हाताच्या ‘नैसर्गिक लयीचं’ कौतुक केलं.)

शेवटी ज्याला काहीच विचारलं नव्हतं त्याने सांगितलं. पोहण्याच्या तलावावर नाव नोंदवायला गेलो होतो, तर तिथल्या रखवालदाराने माझ्या तोंडाचा वास घेऊन ‘मागचं दार, डावीकडे’ म्हटलं आणि पुन्हा आपल्या चहाकडे वळला.

मामा, ती खोली मला अजून नीट सांगता येत नाही. तलावाच्या बाजूला सबंध भिंतभर काच, आणि पाण्यावरचं दुपारचं ऊन छतावर हलत होतं. जणू खोलीच कुठेतरी सावकाश वाहत चालली होती. मी मागून शिरलो, त्यामुळे पाठमोरी डोकी तेवढी दिसली. आणि आपल्या धंद्यातल्या माणसाला मागून डोकं दिसलं की चेहरा कशाला हवा? तो दुहेरी भोवरा दाताच्या डॉक्टरांचा. ती सरळ, ताठ मान वाचनालयातल्या बाईंची. मला खोटे पत्ते का मिळाले, ते तिथे उभ्या उभ्या कळलं. आपल्या न्हाव्यासमोर कोण मोकळं होईल?

मी शेवटच्या खुर्चीवर बसलो. कोणीतरी पहाटे उठून नुसतं खिडकीत बसण्याविषयी बोलत होतं, हळू आवाजात. काचेपलीकडे कोणी संथ हात मारत होतं. छतावरचं ऊन एकदा इकडे, एकदा तिकडे. आणि मला झोप लागली. साधी झोप. लहानपणी आपल्या दुकानातल्या बाकावर लागायची तशी.

जागा झालो तर खोली रिकामी, अंगावर कुणाचा तरी कोट, शेजारी डॉक्टर.

“पहिल्या दिवशी इथे कोणी रडतं, कोणी भांडतं,” ते म्हणाले. “घोरलेले तुम्ही पहिलेच.”

मी माफी मागू लागलो.

“बाटलीशिवाय झोपून किती दिवस झाले होते?” त्यांनी विचारलं.

मी कोट उतरवू लागलो. त्यांनी तो माझ्या खांद्यावर तसाच राहू दिला. “गुरुवारी या,” म्हणाले. “आणि त्या बुद्धिबळाबद्दल... चुकलंच माझं.”

तेव्हापासून जातो. हल्ली निम्मा वेळ जागा असतो. मागच्या खेपेला बोलायला उभं केलं, पण समोर सगळे चेहरे बघून शब्द फुटेना. मग वाचनालयातल्या बाईंनीच सुचवलं, की यांना मागे उभं राहू द्या. डॉक्टरांच्या खुर्चीमागे उभा राहिलो, खुर्चीच्या पाठीवर हात टेकले, आणि तोंडातून निघालं, “कसे कापू?” सगळे हसले. मग बाकीचंही निघालं. खूप निघालं. कोणीही मागे वळून पाहिलं नाही.

कळावे. मोठ्यांना नमस्कार, लहानांना आशीर्वाद.

आपला भाचा

ता. क. : मामींचा फोन आला होता. गुडघ्यांविषयी त्या एक शब्द बोलल्या नाहीत, सगळं तुमच्याविषयीच बोलल्या. मामा, तिथे माझ्या शेजारची खुर्ची रिकामी असते. गुरुवारच्या दुपारच्या बसने याल का? मी कुणाला काही सांगितलेलं नाही.

ता. क. २ : बोलायचंच असं नाही, झोपलात तरी चालतं. पण मामी म्हणतात, तुमचे मानेवरचे केस कॉलरखाली गेलेत. तेव्हा जरा लवकरची बस धरा. तशा अवस्थेत तुम्हाला त्या लोकांसमोर नेलं, तर माझी धंद्यात काही अब्रू राहणार नाही.