खोक्यात दीड किलो जास्त

२८ मे, जालना
टायर तिसऱ्यांदा धुतले. खाचांतली माती जुन्या टूथब्रशने काढली. जपानच्या कस्टम्सचा फॉर्म स्पष्ट आहे. माती, झाडं, बिया काही चालत नाही. बियाणे कंपनीत बी तपासणाऱ्या माणसाच्या सामानात बी सापडलं तर चुकून आलं म्हणून कोण मानेल? सायकल जप्त होईल, नोकरीचंही काही खरं नाही.
बावीस वर्षांपूर्वी होक्काइदोला साकाईसानांच्या शेतावर आठ महिने शिकायला होतो. त्यांच्या जुनाट सायकलवर रोज फिरायचो. निघताना म्हणालो होतो, पुढच्या वेळी स्वतःची घेऊन येईन. आता ते ब्याऐंशीचे. आणखी लांबवलं तर—
सीट काढली. नळीत मुंग्या शिरतात, बोळा कोंबला. सुटी केलेली सायकल मोजली, साडेसोळा किलो.
सु. म्हणाली, "बायकोला कधी इतकं न्हाऊ घातलं असतं तर!"

३० मे
पॅकिंग सलीमभाईंच्या सायकलच्या दुकानात. मधेच कंपनीतून बोलावणं. दाजी केदारखेड्याहून आलेच होते, त्यांना तिथे बसवून गेलो. परतलो तर खोकं बांधून तयार.
दाजी म्हणाले, "नवरीलाबी कुणी एवढं नटवत न्हाई."
काट्यावर ठेवलं. रिकामं खोकं अडीच, म्हणजे एकोणीस हवं. भरलं साडेवीस.
सलीमभाई: "टेप लावली, सुतळी लावली, सर. थोडं तर वाढंलच."
दीड किलो सुतळी?
दाजींनी एकदम पावसाचा विषय काढला. परवाच विचारत होते, आपलं वाण तिकडं उगवंल का. तेव्हा सहज वाटलं होतं.

३१ मे, रवि.
खोकं फोडलं. दोघांच्या समोर. थोरल्या बहिणीच्या नवऱ्यासमोर असं करू नये हे कळत होतं, तरी.
ताईच्या जुन्या लुगड्यांच्या पिशव्या, हाताने शिवलेल्या. आत ठासून कापूस. घरचा, बी न काढलेला, सरकीसकट.
दाजी: "इमानात सामान आदळतेत म्हणं. फोम कशाला इकत आणायचा? घरचा कापूस हाय की."
मी विचारलं, ही सरकी तिकडे कुणाला द्यायची होती?
विचारायला नको होतं.
दाजी उठले. "बी तपासता तपासता माणसंबी तपासून राह्यला का, दिनकर?" पायात चपला सरकवल्या आणि गेले.
सलीमभाईंनी कापूस काढून चिंध्या भरल्या. काटा एकोणीसच्या जरा वर. चहा मागवला नाही. इतक्या वर्षांत पहिल्यांदा.
खरंच नुसती माया असेल? की माया आणि दुसरंही काही, एकाच पिशवीत? निकाल लागत नाही.

४ जून, होक्काइदो, विमानतळ
"बिया?"
"नाहीत." जपानीतच म्हणालो.
अधिकाऱ्याने खोक्यावर हात ठेवला, माझ्याकडे पाहिलं, जा म्हणाला. खरं बोलतानाही मला घाम का फुटतो?

५ जून, साकाईसानांकडे
ते वाकलेत, पण ओळखलं लगेच. स्टूल घेऊन शेजारी बसले. अंगणात सायकल जोडायला घेतली. सगळं बसलं, सीट तेवढी चार बोटं वरच अडते.
पहिला संशय सलीमभाईंवर. दुसरा दाजींवर, शेवटी घातलंच काहीतरी!
पकडीने ओढून काढलं. बोळा. माझाच, मुंग्यांसाठीचा. देव्हाऱ्याजवळच्या डब्यातून घेतला होता, सु. त्या कापसातली सरकी निवडून वाती वळते. एवढा निवडायचा राहिला असणार. डब्यातला कापूसही दाजींच्याच शेतातला.
तीन सरक्या.
साकाईसान म्हणाले, काय ते?
मूठ मिटली. "काही नाही."
विमानतळावरचं 'नाहीत' नकळत होतं. हे मात्र—

६ जून
सायकल भिंतीला टेकवलेली, तयार. फाटकातून डावीकडे शेतांचा रस्ता, बावीस वर्षं मनात घोळलेला. उजवीकडे विमानतळ, चाळीस किमी. सरक्या चुलीत टाकल्या तर कुणाला कळणार? मला. काडेपेटीत घालून खिशात ठेवल्यात. जाऊन सांगितलं तर कस्टम्सवाले ऐकून घेतील, की सायकलच ठेवून घेतील?
आधी दाजींना फोन. ताईने उचलला. "रोज इचारून राह्यले, दिनकरची सायकल धड पोचली का म्हणून. थांब, देते."
मग दाजी. "बोला साहेब. अजून काही घावलं का आमचं?"
"घावलं."
काडेपेटी खिशातून काढून हातात घेतली.
"तुमचं नाही दाजी, माझंच." सगळं सांगितलं. बोळा, तीन सरक्या, मूठ.
हसतील वाटलं होतं. हसले नाहीत.
"बरं," म्हणाले. "मंग आता?"
"विमानतळावर. सायकलवरच जातो."