उमापूरच्या विठ्ठलरावांची शाल

२ जून २००३, सोमवार
केजला माल आणायला गेलो होतो. हनुमानच्या सायबर कॅफेत पंखा आहे म्हणून टेकलो. त्याने बळंच स्क्रीन दाखवली. आपल्या वडगावच्या भारतची कादंबरी इंटरनेटवर सुरू झालीय. 'पाठीमागचं गाव'. दर रविवारी एक भाग. पहिला काल आला.

भारत म्हणजे माझ्या बाकावरचा भारत. दहावीला निबंध स्पर्धेत मला पहिला नंबर, त्याला दुसरा. हे गावात कुणाला आठवत नाही, मला आठवतं. पुढे तो पुण्यात कंपनीत लागला. मी वडिलांच्या, अप्पांच्या मागे ईश्वरप्पा क्लॉथ स्टोअर्सच्या गादीवर. दुकान नसतं तर आज इंटरनेटवर कोण असतं, हे सांगायला ज्योतिषी नको.

पहिला भाग वाचला. ठीक आहे. जळावं असं त्यात काही नाही. प्रिंट काढून आणली.

३ जून
निर्णय: स्वतःची कादंबरी लिहिणे. चाळीस भाग. दोनशे पानी वही काढली. उद्यापासून रोज दोन पानं. सकाळी गिऱ्हाईक नसतं तेव्हा.

४ जून
सकाळी गिऱ्हाईक होतं.

९ जून, सोमवार
दुसरा भाग. हिरो शिकायला पुण्याला जातो, बहीण गावात राहते. बहिणीचं नाव सत्यशीला. यात नवीन काय? अभिप्रायाच्या जागी मात्र गर्दी. दुबईचा एक जण म्हणतो, गाव डोळ्यांसमोर उभं राहिलं. न्यू जर्सीची एक बाई म्हणते, डोळ्यांत पाणी आलं. न्यू जर्सीत बसून पाणी यायला काय लागतं? तिथे नळाला चोवीस तास असतं.

मित्राच्या नात्याने प्रामाणिक अभिप्राय पाठवला. एकूण सतरा मुद्दे. एका बोटाने टाइप करायला दीड तास गेला. सकाळी सातला वडगावहून केजला एसटी नसते, हा अकरावा मुद्दा. तो वाचून त्याचे डोळे उघडतील.

१६ जून
उत्तर आलं. "धन्यवाद श्रीशैल. वहिनींना नमस्कार. दुकान कसं चाललंय?"

सतरा मुद्द्यांना हे उत्तर. दुकान उत्तम चाललंय. वर्षाराणीला नमस्कार सांगितला नाही.

२३ जून
विचार केल्यावर चूक सापडली. चूक त्याचीच आहे. तो मला मित्र समजतो, वाचक समजत नाही. मित्राचं कोण मनावर घेतं? तेव्हा त्याला तटस्थ वाचकांची गरज आहे. ते मी पुरवणार.

हनुमानकडून दोन ईमेल उघडून घेतले. मित्रांसाठी आहेत असं सांगितलं. तो नुसता मान डोलावत होता. एक वाचक विठ्ठलराव, मुक्काम उमापूर, बागायतदार, स्वभाव कडक. दुसऱ्याचं नाव सुचेना. आज दुकानात समोर सटवा ताग्याच्या घड्या घालत होता. शिरूर कासारचा म्हातारा. वीस वर्षं ऊसतोडीला गेला, कंबर धरली, तेव्हापासून आपल्याकडे आहे. म्हणून दुसरा वाचक: सटवा, शिरूर कासार. शिरूरकडे सटवा नावाची माणसं काही कमी नाहीत.

३० जून
पाचव्या भागात ऊसतोडीचा प्रसंग. भारतच्या बापजाद्यांनी फडात पाऊल टाकलं नाही. सटवाला विचारलं, कोयता कसा धरतात. त्याने मीटरपट्टी हातात घेऊन दाखवलं. बुडाशी वाकून, मनगट आत. ते सगळं सटवाच्या नावाने लिहून पाठवलं, वर एक वाक्य जोडलं: "तुम्ही कोयता धरला नाही, पेन तरी नीट धरा." विठ्ठलरावांनी एकच ओळ लिहिली: "लेखन थांबवावे, ही विनंती."

कादंबरी: अर्पणपत्रिका झाली. अप्पांना अर्पण.

७ जुलै
उत्तरं आली. विठ्ठलरावांना अर्धं पान. सटवाला दीड पान. "सटवा दादा, तुम्ही लिहिलेलं वाचून लाज वाटली आणि आनंदही झाला. प्रसंग बदलतोय. असंच कान धरत राहा."

दीड पान. मला दोन ओळी, त्यातली एक वहिनींना.

सटवाची कल्पना कुणाची? मुद्दे कुणाचे? टाइप कुणी केलं? आणि दादा कोण, तर सटवा. दुकानात आल्यावर सटवाला विनाकारण बोललो. त्याने ऐकून घेतलं आणि झाडू मारायला गेला.

१४ जुलै
सातवा भाग. सत्यशीला भावासाठी भाकरी बांधून स्टँडवर पळत जाते. गाडी गेलेली असते. आईला वाईट वाटू नये म्हणून ती स्टँडच्या मागे बसून ती भाकरी एकटी खाते, आणि घरी येऊन सांगते, दिली.

दुकानात वाचला. नव्या मालाची खळ डोळ्यांत गेली. बराच वेळ जात होती.

प्रिंट घरी नेली. वर्षाराणीने चुलीपुढे उभ्या उभ्या वाचली, मग पदराने डोळे पुसले. लग्नाला अकरा वर्षं झाली. माझी कविता ऐकून तिने आजवर फक्त "झाली का?" एवढंच विचारलं आहे. तिला म्हटलं, भाकरी बघून रडायला काय झालं, घरात रोज होते. ती म्हणाली, तुमाला न्हाई कळायचं.

मला नाही कळायचं! दहावीला पहिला नंबर कुणाचा होता?

विठ्ठलरावांकडून कळवलं: "सातवा भाग अत्यंत सामान्य. भाकरीत मीठ नाही."

२८ जुलै
नववा भाग. सुरुवातीलाच: "हा भाग शिरूर कासारच्या सटवा दादांना."

आता हद्द झाली. सटवा डोक्यावर बसण्याआधी त्याला उतरवला पाहिजे. विठ्ठलरावांच्या नावाने अभिप्रायाच्या जागी, सगळ्यांना दिसेल असं लिहिलं की या सटवावर भरवसा ठेवू नका, माणूस खोटा वाटतो. माझ्या नावानेही दुजोरा दिला. पण आरोप झाल्यावर सटवानं गप्प बसणं बरं दिसेना. म्हणून त्याच्याकडून उत्तर लिहिलं. "विठ्ठलराव, तुमच्याकडं विहीर हाय, माझ्याकडं घाम हाय. कोन खोटं, ते भारतभाऊ ठरवतील."

उत्तर बिनतोड झालं. न्यू जर्सीच्या बाईने सटवाची बाजू घेतली. दुबईवाला म्हणाला, सटवांनी स्वतः लिहायला हवं. मला त्या सटवाचा फार राग आला.

१८ ऑगस्ट
कादंबरी: अप्पांऐवजी वाचकांना अर्पण केली. मग वाचकांचंही खोडलं. तूर्त कुणालाच नाही. उद्यापासून रोज चार पानं, म्हणजे मागचा बॅकलॉग भरून निघेल.

२९ सप्टेंबर
कादंबरी संपली. म्हणजे त्याची. अठरा भाग. शेवटी सत्यशीला म्हातारी झालेली, भाऊ परत येतो आणि तिने विचारायच्या आत सांगतो की त्या दिवशी भाकरी पोचली. शेवट चांगला आहे. हे मी फक्त इथेच लिहितोय.

पाचव्या भागापासून विठ्ठलरावांचे चौदा अभिप्राय, सगळे वाईट. सटवाचे अकरा, सगळे टोचणारे. माझे सहा. आता सोमवारी केजला कशासाठी जायचं, हा प्रश्न आहे. मालासाठी म्हणा.

६ ऑक्टोबर
काल दसरा झाला. वाचनालयवाल्यांनी येत्या रविवारी भारतचा सत्कार ठेवलाय. गावाला कुणाचं कौतुक करायचं ते कधीच कळलं नाही.

१० ऑक्टोबर
भारतचा फोन दुकानावर. म्हणाला, रविवारसाठी दोन चांगल्या शाली काढून ठेव, दोघांचा सत्कार मला स्वतः करायचाय. कोण ते सांगेना, तिथंच कळंल म्हणाला.

मला कळायचं ते कळलं.

आजूबाजूच्या पंधरा-वीस गावांत सत्कार कुठेही असो, शाल जाते ईश्वरप्पा क्लॉथ स्टोअर्समधून. सरपंच निवडून आला, शाल. गुरुजी रिटायर झाले, शाल. कुणाचा मुलगा फौजदार झाला, बापाला शाल. बाजाराच्या दिवशी दहा-दहा शाली माझ्या हाताने घडी करून दिल्यात. कुणाची लायकी कुठल्या शालीची, ते मी पाठीवरून सांगतो. माझ्या खांद्यावर मात्र आजवर फक्त मापाची टेप पडली. माणसाला हे कुठेतरी लागतं. मला लागलंय, खोटं कशाला लिहू.

एक शाल हेडमास्तरांना असणार. दुसरी कुणाला, ते उघड आहे. शेवटी लेखकाला कळतं, मुळापासून कोण वाचत होतं. सगळ्यात वरच्या दोन काढल्या. मरून रंग, जरीचा काठ. आरशासमोर अंगावर घेऊन पाहिली नाही. तो मान त्याच्या हातून.

भाषण तयार आहे. तीन पानं. कादंबरीपेक्षा हे जास्त झालं.

१२ ऑक्टोबर, रविवार
लिहावं वाटत नाही. तरी लिहितो.

मंडप भरला होता. मी पहिल्या रांगेत, नवा शर्ट, खिशात तीन पानं. वर्षाराणी बायकांत. हेडमास्तर माझ्या शेजारी. तेही शर्टाची कॉलर ठीक करत होते.

भारत उठला. म्हणाला की चौथ्या भागानंतर तो लिहिणं बंद करणार होता. परदेशातले लोक छान छान म्हणायचे, पण आपल्या मातीत कुणी वाचतंय का, याची शंका होती. मग आपल्याच जिल्ह्यातून दोन पत्रं आली. दोघांनीही शिव्या घातल्या. त्याला वाटलं, जो माणूस दर सोमवारी न चुकता शिव्या घालतो, तो दर सोमवारी न चुकता वाचतो. त्या दोघांसाठी त्याने पुढचे चौदा भाग लिहिले. शाली त्यांच्यासाठी.

मग माझ्याकडे बघून म्हणाला, "माझा मित्र श्रीशैल पण लिहायचा. पण घरच्या माणसाचा काय सत्कार करायचा?"

लोक हसले. मीही हसलो. वेळेवर हसणं जमलं.

"उमापूरचे विठ्ठलराव आलेत का?" कुणी उठलं नाही. मला एकदा उठावंसं वाटलं. पण उठलो असतो तर "लेखन थांबवावे" हे कुणी लिहिलं, ते वर्षाराणीसकट सगळ्या गावाला कळलं असतं. खुर्ची घट्ट धरून बसलो.

"शिरूर कासारचे सटवा?"

सटवा मागे पाण्याचे ग्लास भरत होता. खुर्च्या मांडायला मीच त्याला पाठवलं होतं. तिसऱ्या रांगेतून हनुमान ओरडला, "सटवामामा, तुमालाच बोलावतेत की." म्हाताऱ्याला चार जणांनी ढकलत स्टेजवर नेलं. भारत त्याच्या पाया पडला. शाल घातली. मरून, जरीचा काठ. त्याला शोभत होती, हे आणखी वाईट.

माइक पुढे केला. सटवा घाबरला होता. म्हणाला, "साहेब, मला लिवता-वाचता येत न्हाई. मालक दुकानात मोठ्यानं वाचतेत, ते मी ऐकतो. एकेक भाग चार-चार बार वाचतेत. भाकरीच्या भागाला तर मालक लई रडले. गिऱ्हाईक आलतं, तर म्हणले, दुकान बंद हाय म्हून सांग. कोयता कसा धरतेत तेवढं मला इचारलं, मी सांगितलं. बाकी मी काय केलं न्हाई."

मंडपात मग टाळ्या सुरू झाल्या, त्या थांबेनात. सटवासाठी होत्या. वर्षाराणी बायकांतून माझ्याकडे बघत होती. मी खिशातल्या तीन पानांची बारीक घडी घालत होतो.

निघताना भारत दुसरी शाल घेऊन आला. म्हणाला, "विठ्ठलरावांची शाल तुझ्याकडं ठेव. उमापूरला गेलास तर दे. न्हाई गेलास तरी चालंल."

थोडा वेळ हात खांद्यावर ठेवून उभा राहिला. मग गाडीत बसला. म्हणजे जाता जाता मलाच काम लावलं. पुण्याची माणसं अशीच.

१३ ऑक्टोबर
पेपरात फोटो. "ऊसतोड कामगार ते चोखंदळ वाचक." सटवा, भारत, हेडमास्तर. कोपऱ्यात एक कोपर दिसतं, ते माझं आहे.

दिवसभर लोक दुकानात. कापडाला नाही, सटवाला भेटायला. दोन बायकांनी त्याला विचारून ब्लाउजपीस घेतले. सटवा शाल घालून घड्या घालत होता. उकाडा होता तरी काढेना. काढ म्हणायला माझी जीभ रेटली नाही.

केजला जाणार होतो. आज सोमवार. गेलो नाही.

१४ ऑक्टोबर, दुपार
उमापूर लांब आहे. मधे एसटी बदलावी लागते. शिवाय विठ्ठलरावांचा स्वभाव असा, की शाल घेतीलच याची खात्री नाही.

सटवा जेवायला गेला. शटर अर्धं ओढलं. माल देण्याआधी तपासून घेणं हे दुकानदाराचं काम, म्हणून शाल अंगावर टाकून आरशात पाहिली. जरीचा काठ उत्तम आहे. मग ती तीन पानं काढून थोडं वाचलं. मोठ्याने नाही. तरी आवाज भरून आला.

तेवढ्यात वर्षाराणी डबा घेऊन वाकून आत आली. मी शाल अंगावर घेऊन घामाघूम. ती बघतच राहिली. म्हणाली, ताप आलाय काय? मी हो म्हणालो. तिने कपाळाला हात लावून बघितलं, न्हाई म्हणाली. मी म्हणालो, आतून आहे.

तिने गल्ल्याच्या खणातून क्रोसिन काढून दिली. घेतली.