तेल न पाजलेलं चामडं

आप्पा, तुमचं पिस्तूल यंदाच्या दसऱ्याला पुन्हा घराबाहेर निघणार आहे. परवाना धाकट्याच्या नावावर झाला आणि इतकी वर्षं ठाण्यात पडून असलेलं पिस्तूल त्यानं मागच्या महिन्यात सोडवून आणलं. आईनं ते देवापुढं ठेवून हळदकुंकू वाहिलं, मग स्वयंपाकघरात जाऊन चुलीत फुंकर घालत बसली, चूल चांगली पेटलेली असताना. मी मुरुमला मुलींच्या शाळेत शिकवते आणि शनिवारी एस. टी.नं गावाकडं येते. त्या शनिवारी आले तर धाकटा ओसरीवर तुमचं जुनं पिस्तुलाचं घर मांडीवर घेऊन बसलेला. ठाण्यात त्याला होल्स्टर म्हणतात, आपण घरच म्हणत आलो, चष्म्याचं असतं तसं. "आक्का, आप्पांचंच लावणार मी. नवं कशापायी?" असं म्हणत त्यानं ते कमरेला धरून दाखवलं, तेव्हा त्या चामड्याची वरची कड म्हाताऱ्या गाईच्या कानासारखी आत दुमडून पडली. तळाशी ते भोक अजून आहे. आईनं त्यावर कधी ठिगळ लावून घेतलं नाही आणि ते टाकूनही दिलं नाही.

तो दिवस मला आठवतो असं म्हणणं खरं नाही, तो मला दिसतो. शिवेवर आपटा लुटून झाला आहे, माझा ओचा पानांनी भरला आहे. तुम्ही रिवाजाप्रमाणं आभाळाकडं एक बार काढता, बैल बुजतात, बायका हसतात. धाकटा घाबरून तुमच्या धोतराला बिलगतो. तुम्ही एका हातानं त्याला जवळ घेता आणि दुसऱ्या हातानं, खाली न बघता, पिस्तूल घरात सारता. मग एक दबका आवाज होतो, कुणी भरलं पोतं टाकावं तसा. तुम्ही खाली बसता, आणि सगळ्यांना वाटतं पोराला उचलायला बसलात. भावकीतल्या काकांनी डोक्याचं पागोटं सोडून तुमची मांडी आवळली, गाडी जुंपली आणि उमरग्याच्या दवाखान्याकडं बैल पळवत नेले. गाडी परत आली तेव्हा बैल चालत होते.

गावानं ठरवून टाकलं की चाप तुमच्याच बोटानं ओढला गेला. एक बार काढला की दुसरी गोळी आपोआप वर येऊन बसते, चाप अडवणारा खटका लावल्याशिवाय पिस्तूल घरात घालायचं नसतं, हे फौजदार ओसरीवर बसून चहा पिता पिता सांगून गेले. ते खरंच होतं. पण तुमचं बोट चापावर नव्हतं, आप्पा. मी तुमच्या उजव्या बाजूला उभी होते, बोट मी पाहिलं होतं. मग चाप कशानं ओढला, हे मला कितीतरी वर्षं कळलं नाही.

मला अक्षरं तुम्हीच शिकवलीत, याच ओसरीवर, शाळेत जाण्याआधी. अक्षर काढलं की पुसण्यापूर्वी परत बघायला लावायचात, आणि मी अजून दाराची कडी लावल्यावर परत जाऊन बघते, शाळेतल्या बाई त्यावरून हसतात. एकदा मी ज्वारीचं लांब, वाळकं ताट बंदुकीसारखं धरून धाकट्यावर रोखलं आणि "ठो" म्हणाले. तुम्ही हातातलं काम टाकून आलात. "माणसावर नेम धरायचा न्हाई." मी म्हटलं, ताट आहे ते, आप्पा. तुम्ही म्हणालात, "ताट आहे, खरंय. हात तर तुझाच हाय न्हवं?" त्या दिवशी मला जेवण गेलं नाही. आणि पुढच्याच आठवड्यात तुम्ही माझ्यासाठी पेन्सिलींची चामडी पिशवी घेऊन आलात. पिस्तुलाचं घर शिवून उरलेल्या तुकड्याची. एकाच कातड्याची दोघं भावंडं, असं तुम्हीच म्हणाला होतात.

तीच पिशवी मी अजून शाळेत नेते. त्या शनिवारी ती माझ्या हातात होती आणि समोर धाकट्याच्या मांडीवर तिचं भावंड होतं. पिशवी अजून ताठ आहे, तोंड उघडं राहतं, दाबलं तरी पुन्हा आपल्या जागी येतं. आणि तुमचं घर असं लुळं! दोन्हींकडं बघता बघता मला खंडेनवमी आठवली. दरवर्षी त्या दिवशी तुम्ही विहिरीची मोट अंगणात पसरून तिला एरंडेल पाजायचात, मऊ नसली तर फाटेल म्हणून. मग हाताला राहिलेलं तेल पिस्तुलाच्या घराला चोळायचात. "मोटेला पाजलं आन् याला उपाशी ठेवू व्हय?" आई हसायची. सगळी हत्यारं, माझी पाटीसुद्धा, घोंगडीवर पूजेला मांडलेली असायची आणि ते घर दिव्याच्या उजेडात चकाकायचं. मोटेला जे चांगलं तेच त्याला वाईट होतं, आप्पा. वर्षावर्षाला ते तेल पिऊन मऊ झालं. त्या दसऱ्याच्या संध्याकाळी पिस्तूल आत जाताना ती लुळी कड त्याच्याबरोबर आत ओढली गेली आणि चापावर बसली. बोटासारखी.

हे मी धाकट्याला सांगितलं. तो म्हणाला, "आक्का, आप्पांचा हात चुकला. माझा चुकायचा न्हाय." मी त्याच्याशी भांडले नाही, नव्या घराचा हट्ट मात्र सोडला नाही. शेवटी आम्ही दोघं मुरुमला गेलो, खोगिरं आणि बैलांचे पट्टे करणाऱ्या मामांच्या दुकानात. मामांनी मला मऊसूत बकरीचं कातडं दाखवलं. "गालाला लावून बघा बाई, लोणी हाय." मी म्हटलं, लोणी नको मामा, पाठीचं जाड म्हशीचं द्या, आणि तेलाचं बोटही लावू नका. "तेल न्हाय? लोक तेल लावा म्हणून भांडत्यात, तुम्ही उलट्याच हाव की." ओलं चामडं पिस्तुलावर बसवून माप घ्यायचं होतं. धाकट्यानं गोळ्यांची पेटी खालून काढली आणि पिस्तूल मामांपुढं धरलं. मी म्हटलं, परत बघ. "बघितलं की, आक्का. ही काय पेटी माझ्या हातात." मी म्हटलं, मामांकडं रोखू नकोस आणि परत बघ. त्यानं माझ्यावर उपकार केल्यासारखी वरची नळी मागं ओढली आणि आतली एक गोळी उडून चटईवर पडली, घरंगळत मामांच्या चामडं कापायच्या रापीपाशी जाऊन थांबली. मामांनी रापी उचलली नाही. नंतर ते म्हणाले, "माप उद्याला घेऊ का, बाई?" आणि हसण्याचा प्रयत्न केला. धाकटा हसला. मला त्याच्या हसण्याची जास्त भीती वाटली.

माप त्याच दिवशी घेतलं. चाप पूर्ण झाकला गेला पाहिजे, बाहेरून दाबून बोटाला लागता कामा नये. पिस्तूल काढून घेतल्यावर तोंड आपोआप उघडं राहिलं पाहिजे. पट्टा रुंद हवा, वजनानं लोंबणारा नको. घर तयार झाल्यावर मी धाकट्याकडून पिस्तूल रिकामं करून घेतलं, स्वतः बघितलं, आणि घरात घालून गोधडीवर उलटं धरून हलवलं. पडलं नाही. वर झापड आणि झापडीला बक्कल आहे. आई लांबूनच बघत होती. "झालं का समाधान?" तिनं विचारलं. मी हो म्हटलं.

पण धाकट्याला ते आवडलं नाही. ओसरीवर तो सारखा बक्कल सोडतो, लावतो. "दोन्ही हात लागत्यात याला. म्या मामाला एका बटणाचं सांगितलं हुतं." मी म्हटलं, वेळ लागला तर काय बिघडतं? "वेळेला निघालं पाहिजे, आक्का." कुठल्या वेळेला, असं मी विचारलं. तो विहिरीकडं बघत होता. आपली आणि काकांची ती सामायिक विहीर, आता पाण्याच्या पाळीवरून रोज बाचाबाची होते. ज्यांनी तुमची मांडी आवळली त्याच काकांशी. परवा ते मला एस. टी.च्या थांब्यावर भेटले. माझं सामान उचलून गाडीत ठेवून दिलं आणि म्हणाले, "पोरी, त्याला म्हणावं, दसऱ्याला सोनं द्यायला मोकळ्या कमरेनं ये. आन् पाण्याचं बोलायचं तरी मोकळ्या हातानं ये." मी हा निरोप अजून धाकट्याला दिलेला नाही. दिला तर तो काय ऐकेल, हे मला सांगता येत नाही. विनंती ऐकेल, की आव्हान.

मी आधी समजत होते की चांगलं घर म्हणजे ज्यात पिस्तूल आपणहून उडणार नाही. मामांच्या चटईवर गोळी पडली तेव्हापासून रात्रंदिवस मनात येतं की माणसानं उडवायचं ठरवलं तर चामडं काय करील? जास्तीत जास्त थोडा उशीर. बक्कल सोडेपर्यंत कुणी हाक मारील, आई आडवी येईल, काका मागं सरतील. मामा विसरले नव्हते, आप्पा. बटणाऐवजी बक्कल लावा आणि झापडीची पट्टी तसूभर आखूड ठेवा, असं मी पुन्हा दुकानात जाऊन सांगून आले होते. धाकटा अजून मामांनाच बोल लावतो.

उद्या खंडेनवमी. आज सकाळी तो आईला म्हणाला, "एरंडेलाची बुधली कुठंय? मोटेला पाजतो, आन् जाता जाता या पट्टीलाबी बोट लावतो. लई निब्बर हाय." आईनं फडताळ धुंडाळलं, माळा बघितला, मग मला विचारलं. मी म्हटलं, मला ठाऊक नाही.

बुधली माझ्या ट्रंकेत आहे, धुतलेल्या लुगड्यांखाली, तुमच्या जुन्या घराशेजारी. हा कागदही तिथंच ठेवीन. बाजारात एरंडेल मिळतं हे मला कळत नाही असं नाही. पण ट्रंक उघडली तेव्हा पाहिलं, बुधली पाझरली आहे. दसऱ्याचं लुगडं भिजलं नाही, पण त्याला एरंडेलाचा वास लागला आहे, आणि परवा पंगतीत धाकटा माझ्या शेजारीच बसेल.